मास्तरांनी पैसे का दिले?

गुन्ह्याच्या मालिकेचा शेवट कसा असावा, हे आमच्या पिढीला ‘सी.आय.डी.’नं शिकवलं. १९९८ मध्ये ती मालिका सुरू झाली, तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो. एसीपी प्रद्युम्न बोटं फिरवत संशय व्यक्त करणार, दया दार तोडणार, गुन्हेगार मान खाली घालून सगळं सांगून टाकणार. तासाभरात प्रकरण मिटलं, की अम्मी टीव्ही बंद करायच्या आणि घर निवांत झोपी जायचं. जगात वाईट माणसं आहेत, पण ती पकडली जातात, एवढा दिलासा त्या काळात पुरेसा होता.

त्या दिलाशाच्या तळाशी एक धाकधूकही असायची, ती आमच्यासारख्या घरांतल्या वाचकांना समजावून सांगायला नको. पकडलेल्या माणसाचं नाव काय निघणार? आपल्यासारखं निघालं, तर उद्या शेजारी काय बोलतील? पडद्यावर दाढी-टोपी दिसली की अब्बा खुर्चीत सावरून बसायचे. आम्ही मोठे झालो, शिक्षक झालो, तरी ती सवय सुटली नाही.

आम्ही म्हणजे नवरा-बायको. सोलापुरात उर्दू माध्यमाच्या दोन वेगवेगळ्या शाळांत शिकवतो. दोघांचंही बी.एड. झालेलं, दोघांचंही वय पस्तिशीच्या अलीकडं-पलीकडं, आणि इशाची नमाज होऊन लेक झोपली की एखाद्या मालिकेचा एक भाग बघायचा, हा दोघांचाही शौक. अशाच एका उन्हाळी सुट्टीत एका सहकारी शिक्षकानं सांगितलं, ‘‘अमेरिकेची एक पोलिसांची मालिका आहे. बघा. त्यात चौथ्या पर्वात एक मास्तर आहे. आपल्यासारखाच आहे.’’ त्या मालिकेचं नाव ‘द वायर’. जून २००२ ते मार्च २००८ या काळात एचबीओ वाहिनीवर ती दाखवली गेली. पाच पर्वं, साठ भाग. आम्हाला ती संपवायला दोन सुट्ट्या लागल्या. तिथल्या गल्लीतली इंग्रजी इतकी अवघड, की खाली येणारी अक्षरं वाचण्यासाठी दर दोन मिनिटांनी चित्र थांबवावं लागायचं.

मालिका घडते बाल्टिमोर शहरात. बंदर असलेलं जुनं औद्योगिक शहर. कारखाने बंद पडले, गोदीतलं काम आटलं, आणि रिकाम्या घरांच्या रांगा मागं राहिल्या. वस्ती बहुसंख्य काळ्या लोकांची. चोर काळा, पोलीसही काळा, न्यायालयातले वकील, महापालिकेतले पुढारी आणि शाळेतल्या बाईसुद्धा काळ्या. त्यामुळं नावावरून किंवा चेहऱ्यावरून कोण कसा निघणार, याचा अंदाजच लागत नाही. माणूस कुठल्या कोपऱ्यावर वाढला आणि त्याच्या वाट्याला कोणतं दार उघडं आलं, एवढंच तिथं ठरवणारं असतं. आमची जुनी धाकधूक या मालिकेत पहिल्यांदा गळून पडली. तिच्या जागी दुसरी आली, ती जास्त वाईट होती. आता आम्हाला कोणाच्या नावाची भीती नव्हती, पोरांची भीती वाटत होती.

ही पोरं चौथ्या पर्वात येतात. ते पर्व २००६ च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये दाखवलं गेलं. मायकेल, नेमंड, रँडी आणि डूकी, आठवीतले चार मित्र. त्यांना गणित शिकवायला येतात प्रेझबिलेव्हस्की नावाचे मास्तर. नाव उच्चारता येत नाही म्हणून पोरं त्यांना ‘मिस्टर प्रेझबो’ म्हणतात. हे आधी पोलिसात होते. तिथं त्यांच्या हातून आपल्याच खात्यातला एक माणूस मारला गेला, नोकरी सोडावी लागली आणि ते शिक्षक झाले. ही कल्पना हवेतून आलेली नाही. डेव्हिड सायमन या पत्रकारासोबत ही मालिका उभी करणारे एड बर्न्स हे स्वतः बाल्टिमोरच्या पोलिसात गुप्तहेर होते आणि नंतर त्याच शहरातल्या सरकारी शाळेत शिक्षक झाले. म्हणूनच त्या वर्गातला गोंगाट आम्हाला खरा वाटला. शेवटच्या बाकावरचं भांडण, खडू संपेपर्यंत ओरडून बसलेला घसा, तळघरात न वापरता पडून राहिलेली नवी पुस्तकं, हे ज्यानं वर्गात उभं राहून बघितलं त्यालाच लिहिता येतं.

हे मास्तर पोरांना फासे टाकायला लावून संभाव्यता शिकवतात. पोरांना गणित समजू लागतं, आणि तेवढ्यात वरून हुकूम येतो की आता फक्त परीक्षेतले प्रश्न घटवून घ्या. शाळेचा निकाल चांगला दिसला पाहिजे. अमेरिकेत २००२ मध्ये झालेल्या शिक्षणाच्या कायद्याचं नावच ‘एकही मूल मागे राहू नये’ अशा अर्थाचं होतं. २०१५ मध्ये त्याची जागा दुसऱ्या कायद्यानं घेतली. नाव किती सुंदर होतं, आणि त्याच्याच दबावाखाली वर्गातले फासे बंद झाले!

चौघांतला डूकी आम्हाला सगळ्यात जवळचा. त्याच्या घरातली मोठी माणसं नशेत बुडालेली. त्याचे कपडेसुद्धा विकून टाकतात. अंगाला वास येतो म्हणून पोरं त्याला चिडवतात. मास्तर त्याला शाळेतच अंघोळीची सोय करून देतात, स्वच्छ कपडे देतात आणि बाकीच्यांना कळू देत नाहीत. डूकी हुशार आहे, वर्गातल्या संगणकावर त्याचा हात चांगला चालतो. एके दिवशी वर्गात एक मुलगी दुसरीच्या चेहऱ्यावर वार करते. सगळा वर्ग हादरलेला असताना डूकी त्या वार करणाऱ्या मुलीशेजारी जाऊन बसतो आणि आपल्या हातातला छोटा पंखा तिच्या तोंडासमोर धरतो. बी.एड.ला बालमानसशास्त्राचा एक अख्खा पेपर होता. त्या एका दृश्यात होतं तेवढं त्या पेपरात नव्हतं.

आणि मग वर्षाच्या मधेच डूकीला वरच्या वर्गात घातलं जातं. नववी म्हणजे दुसरी इमारत, दुसरी माणसं. मास्तर कासावीस होतात. तेव्हा शाळेतल्या अनुभवी बाई त्यांना समजावतात की ही मुलं तुमची नाहीत. तुमच्या वाट्याचं करा आणि सोडून द्या, त्याच्यामागून अजून पुष्कळ येणार आहेत. डूकी नव्या शाळेसमोर जातो, लांबून बघतो आणि आत न जाता परत फिरतो. कोणीही त्याला हाकललेलं नसतं. आत ओळखीचं कोणी नव्हतं, एवढंच.

आता शेवटच्या भागाकडं येतो. ९ मार्च २००८ रोजी तो दाखवला गेला. त्याचं नाव ‘–३०–’. जुन्या काळी अमेरिकन वार्ताहर बातमी संपल्याची खूण म्हणून हा आकडा लिहीत. नेहमीच्या भागांपेक्षा हा बराच लांब, दीड तासाहून थोडा जास्त. मॅकनल्टी नावाच्या पोलिसानं खऱ्या तपासासाठी पैसा मिळावा म्हणून एक खोटा खुनी रचलेला असतो. ते बिंग फुटतं, पण सगळ्यांच्या खुर्च्या अडचणीत येतील म्हणून दाबलं जातं. खोट्या बातम्या लिहिणाऱ्या वार्ताहराला पुलित्झर पुरस्कार मिळतो आणि त्याच्यावर शंका घेणाऱ्या संपादकाला बाजूला सारलं जातं. महापौर गव्हर्नर होतो. मायकेल हातात बंदूक घेऊन लुटारू ओमरच्या जागी उभा राहतो. मॅकनल्टीच्या जागी दुसरा तसाच हट्टी पोलीस तयार होतो. खुर्च्या त्याच, माणसं नवी.

सबंध साठ भागांत सुटका म्हणावी अशी मोजकीच. नेमंडला एका माजी पोलीस अधिकाऱ्यानं आपल्या घरी नेलेलं, तो सावरतो. आणि बबल्स, जो पहिल्या भागापासून नशेच्या विळख्यात असतो, तो शुद्धीवर आलेला आहे. बहिणीनं त्याला तळघरात राहायला जागा दिलेली, पण वरच्या मजल्याचं दार ती बंद ठेवायची. शेवटी ते दार उघडतं. तो पायऱ्या चढून येतो आणि घरच्यांबरोबर जेवणाच्या मेजावर बसतो. एवढंच दृश्य. आम्ही दोघंही तेव्हा काही बोललो नाही.

पण बबल्स वर आला, तर त्याची रिकामी जागा कोणी घेतली? डूकीनं.

डूकी मधल्या काळात मायकेलच्या धाकट्या भावाचा अभ्यास घेत होता, बुटांच्या दुकानात काम मागायला गेला होता. वय कमी म्हणून तिथं नकार मिळाला. वस्तीतल्या एका मोठ्या माणसाला त्यानं विचारलं होतं की या गल्लीतून बाकीच्या जगात जायचं कसं. त्या भल्या माणसालाही रस्ता माहीत नव्हता. अखेरीस डूकी घोडागाडीवरून भंगार गोळा करणाऱ्या एका नशेबाजाच्या आसऱ्याला जातो. आणि शेवटच्या भागात तो आपल्या जुन्या शाळेच्या दाराशी येतो, मास्तरांकडं पैसे मागायला. पुन्हा शिकायचंय, नाव घालायचंय, असं सांगतो. मास्तर आता दाढी राखलेले, वर्ग हाताळायला शिकलेले. ते त्याच्याकडं बघतात आणि त्यांना सगळं कळतं. हे खरं की खोटं ते पुढं कळेलच, आणि खोटं असेल तर आपली भेट पुन्हा होणार नाही, अशा अर्थाचं त्याला बोलूनही दाखवतात. आणि पैसे देतात. थोड्या वेळानं शेवटच्या दृश्यमालेत डूकी तबेल्यात बसून दंडात सुई टोचून घेताना दिसतो.

मालिका संपली. लॅपटॉप मिटला. आणि आमच्यात वाद सुरू झाला.

आमच्यातल्या एकाचं म्हणणं, मास्तरांनी पैसे द्यायला नको होते. ज्याला माहीत आहे की हा पैसा विषावर जाणार, त्यानं तो देणं म्हणजे विष देणंच. गुनाहाच्या कामात मदत करू नये, हे आपला दीन सांगतो. सोबत जाऊन फी भरायची होती, पैसे हातात द्यायचे नव्हते.

दुसरीचं म्हणणं, मागणाऱ्याला झिडकारू नये हेही आपला दीनच सांगतो. ‘‘फिर क्या करते उनो? हात झटक के निकल जाते?’’ त्या पोराकडं त्या दिवशी घर नव्हतं, आई नव्हती, मित्र नव्हता. अख्ख्या शहरात खोटं बोलून मागायला जावं असं एकच दार उरलं होतं. तेही बंद झालं असतं तर?

रात्रीचा दीड वाजला तरी वाद मिटेना. कारण आम्ही दोघंही डूकीबद्दल बोलत नव्हतो, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

त्याच वर्षी जुलैमध्ये आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी आला होता. नाव सांगत नाही. नई जिंदगी भागात राहणारा, तीन वर्षांपूर्वी आठवी पास होऊन दाखला घेऊन गेलेला. नववीत गेलाच नव्हता. टॉवेलच्या कारखान्यात कांड्या भरत होता. दारातच चपला काढून उभा राहिला, हात पाठीमागं. म्हणाला, ‘‘सर, सत्रह नंबर फॉर्म भरना है.’’ शाळा सुटलेल्यांना खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्याची जी सोय आहे, तिचा हा फॉर्म. फी, फोटो, किरकोळ खर्च धरून त्यानं बाराशे रुपये मागितले. सोबत येतो म्हटलं, तर म्हणाला, दोस्त आहे, तो भरून देणार आहे. डोळे लाल होते. कांडीचं काम रात्रपाळीचं असतं, डोळे लाल असतातच. पैसे दिले.

नंतर त्याचा मोबाईल लागला नाही. महिन्याभरानं घरी जाऊन बघितलं, तर भाड्याचं घर सोडून ते लोक दुसरीकडं गेलेले. कारखान्यातही तो नव्हता. फॉर्म भरला असेल, नसेल. परीक्षेला बसला असेल, नसेल. मालिकेत निदान शेवटी तबेला दाखवतात. आमच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

त्या रात्रीनंतर आम्ही तो भाग पुन्हा एकदा बघितला. या वेळी पैशाच्या दृश्यापाशी थांबलो नाही, मागं गेलो, डूकीला वरच्या वर्गात घातलं तिथपर्यंत. आणि आम्हा दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. डूकी तबेल्यात हरवला नाही. तो नव्या शाळेच्या फाटकाबाहेर उभा होता, त्या सकाळी हरवला. शेवटच्या भागात मास्तरांकडं पैसे मागायला आला तोपर्यंत फार उशीर झाला होता. तेव्हा मास्तरांनी पैसे दिले काय, न दिले काय, पोराची वाट तीच राहणार होती. मग त्यांनी दिले ते बरोबरच केलं. निदान त्याच्या आठवणीत शाळेच्या दारातून हाकललं गेल्याची नोंद राहिली नाही. बबल्ससाठी वरचं दार उघडलं, ते किती वर्षांनी! पण बहीण त्या घरातच राहत होती, दार जागेवरच होतं, म्हणून ते उघडता आलं.

आपल्या वस्त्यांत हे फाटक कुठं आहे, ते आम्हाला ठाऊक आहे. ते आठवी आणि नववीच्या मधे आहे. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये, डूकीची गोष्ट तिकडं दाखवली जात होती त्याच महिन्यात, इकडं सच्चर समितीचा अहवाल आला. सहा ते चौदा वयोगटातली चारातली एक मुस्लिम मुलं शाळेत कधी गेलेली नाहीत किंवा मधेच सुटली आहेत, असं त्यात लिहिलं होतं. नंतर शिक्षणहक्काचा कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत नापास करायचं नाही असं ठरलं. २०१९ च्या दुरुस्तीनं त्यात बदल झाला आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास करावं की करू नये, यावर आमच्या शिक्षकखोलीत रोज चहाबरोबर वाद होतात. आमचं म्हणणं एवढंच की नापास केलेला पोरगा घरी बसतो आणि पास करून ढकललेलाही घरीच बसतो. वरच्या वर्गात ढकलणं वेगळं आणि पोचवणं वेगळं. आमच्या दोन्ही शाळा आठवीपर्यंतच्या. दाखल्यावर आम्ही सुवाच्य अक्षरात ‘उत्तीर्ण’ लिहितो, मुख्याध्यापक सही करतात, शिक्का बसतो. पुढची उर्दू शाळा दोन-तीन किलोमीटरवर. मुलगी असेल तर घरचे म्हणतात, इतक्या लांब कशाला. मुलगा असेल तर कारखाना त्या शाळेपेक्षा जवळ असतो.

त्या अनुभवी बाईंचा सल्ला खोटा नाही. ही मुलं आपली नसतात, आणि त्यांच्यामागून खरंच पुष्कळ येतात. साठ-साठच्या वर्गाला हे आम्ही रोज बघतो. पण सोडून द्यायचं ते कुठं, एवढं तरी शिक्षकाला ठरवता येतं. आपल्या दारात सोडलं, तर पोरगं मधल्या रस्त्यात एकटं पडतं. पुढच्याच्या दारात सोडलं, तर निदान हात बदलताना खाली पडत नाही.

तेव्हापासून जूनमध्ये शाळा उघडल्या की आम्ही दोघं आळीपाळीनं अर्ध्या दिवसाची रजा टाकतो. आठवी झालेल्या मुलांना घेऊन पुढच्या हायस्कुलात जातो, वर्गशिक्षकांच्या समोर एकेकाचं नाव घेऊन सांगतो, की याचं गणित चांगलं आहे, हिचा चष्म्याचा नंबर वाढलाय, पुढं बसवा, हा मार खाल्ला तर परत येणार नाही. सुरुवातीला तिथले शिक्षक चमकले, वर पाहू लागले, की या लोकांना काम नाही का. आता चहा पाजतात. यात काही मोठेपणा नाही, रिक्षाचे पैसे आणि अर्धी रजा, एवढाच खर्च. मालिका बघून जग बदलत नसतं, आमचंही बदललं नाही. पण साठ भाग डोळे फोडून बघितल्यावर एवढं तरी हाती लागावं.

गेल्या जूनमध्ये अशी अकरा मुलं पोचवली. दिवाळीच्या सुट्टीनंतर चौकशी केली, तर नऊ जण वर्गात होती. एक मुलगी आणि एक मुलगा दोन आठवडे आलेले नाहीत. मुलीचं घर विजापूर वेशीकडं आहे, मुलाचं त्याच्याही पुढं. शुक्रवारी शाळा लवकर सुटते. जुम्याची नमाज झाली की एक जण मुलाकडं जाणार, दुसरी मुलीकडं. दोन्ही पत्ते लिहून घेतले आहेत.